आपले रूट परक्या नेटवर्कने जाहीर केले तर काय करावे: टप्प्याटप्प्याने कृती

आपल्या आयपी पत्त्यांचा रूट (त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग) दुसऱ्या एखाद्या नेटवर्कने बीजीपीवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलवर, जाहीर केला की बहुतेक अभियंते पहिली दहा-पंधरा मिनिटे स्वतःच्या राउटरमध्येच दोष शोधण्यात घालवतात. राउटर ठणठणीत असतो, लिंक चालू असतात, शेजारी नेटवर्कशी असलेली बीजीपी सेशनही तुटलेली नसतात; तक्रारी मात्र वाढत जातात. दुसरी नेहमीची चूक याच्या अगदी उलट असते. परकी घोषणा दिसताच घाईने /२४ चे (२५६ पत्त्यांचे) तुकडे जाहीर केले जातात आणि ते आपल्याच अपस्ट्रीमच्या (आपल्याला इंटरनेटशी जोडणाऱ्या नेटवर्कच्या) फिल्टरमध्ये अडकून पडल्याचे अर्ध्या तासाने लक्षात येते. हा लेख या दोन चुका टाळण्यासाठी आहे. स्वतःचा एएस नंबर (बीजीपीवरील नेटवर्कची ओळख-संख्या) असलेल्या आयएसपी, डेटा सेंटर, बँका आणि विद्यापीठे यांची नेटवर्क सांभाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

उदाहरणांत आपला एएस ६४५००, चुकीची घोषणा करणारा एएस ६४५१० आणि आपला पट्टा १९८.१८.०.०/२२ असे धरले आहे. तिरप्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पट्टा लहान आणि नेमका; एका पत्त्यासाठी दोन रूट असतील तर राउटर अधिक नेमका रूट निवडतो. हे आकडे दस्तऐवज आणि चाचण्यांसाठी राखीव आहेत, त्यामुळे ते प्रत्यक्ष कॉन्फिगरेशनमध्ये उतरवू नयेत.

## टप्पा १: घटनेपूर्वीची तयारी

ही तयारी ऐनवेळी करता येत नाही, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्या कोणाच्या तरी वेळापत्रकावर अवलंबून असतो.

१.१ घोषणांची यादी. आपला प्रत्येक प्रीफिक्स (जाहीर होणारा पट्टा), त्याचा वैध उगम-एएस (तो मुळात जाहीर करणारा एएस), तो कोणत्या अपस्ट्रीमकडून बाहेर पडतो आणि आपल्या वतीने तो जाहीर करण्याची परवानगी आणखी कोणाला दिली आहे, हे एका पानावर लिहून ठेवावे. डीडॉसपासून (खोट्या रहदारीच्या भडिमारापासून) संरक्षण देणाऱ्या कंपन्या, भाड्याने दिलेले पट्टे आणि विलीन झालेल्या संस्थेचा जुना एएस नंबर हे तीन तपशील हमखास राहून जातात. सध्या वापरात नसलेले पट्टेही यादीत असावेत. ज्याची घोषणाच होत नाही असा पट्टा परक्याने वापरला तर कोणताही ग्राहक तक्रार करत नाही.

१.२ आरओए. आरपीकेआयमध्ये (पट्ट्यांच्या डिजिटल सहीच्या नोंदींच्या यंत्रणेत) प्रत्येक प्रीफिक्ससाठी आरओए (तो कोणता एएस जाहीर करू शकतो हे सांगणारी नोंद) असावा आणि त्यातील कमाल लांबी (तिरप्या रेषेनंतरचा सर्वात मोठा मान्य आकडा) प्रत्यक्ष घोषणेइतकीच ठेवावी. “कधीतरी लागेल” म्हणून /२२ च्या आरओएमध्ये कमाल लांबी २४ ठेवण्याची सवय व्यापक आहे आणि ती धोक्याची आहे. अशा वेळी कोणीही १९८.१८.१.०/२४ जाहीर करताना मार्गाच्या (रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या यादीच्या) शेवटी आपला एएस ६४५०० खोटेपणाने जोडला, तर आरपीकेआयच्या लेखी ती घोषणा वैध ठरते. ही पडताळणी उगम तपासते, मार्ग तपासत नाही. आरएफसी ९३१९ या तांत्रिक दस्तऐवजातही कमाल लांबीचा असा सैल वापर टाळण्याची शिफारस आहे. ज्या /२४ मध्ये नेम सर्व्हर (डोमेननावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर), मेल सर्व्हर किंवा पेमेंटची यंत्रणा आहे, तो /२४ एरवीही स्वतंत्रपणे जाहीर करावा आणि त्याचा स्वतंत्र आरओए ठेवावा, असे माझे मत आहे. जगाच्या रूटिंग टेबलात एका ओळीची भर पडते हे खरे, पण तेवढी किंमत रास्त आहे.

१.३ आयआरआरमधील रूट ऑब्जेक्ट. आयआरआर ही रूटिंगची सार्वजनिक नोंदवही आणि रूट ऑब्जेक्ट म्हणजे तिच्यातील ‘हा पट्टा हा एएस जाहीर करतो’ अशी नोंद. अनेक अपस्ट्रीम आपले प्रीफिक्स-फिल्टर आयआरआरमधील नोंदींवरून तयार करतात आणि ते दिवसातून एखाद्या वेळीच अद्ययावत होतात. काहींकडे तर हे काम आजही ईमेल पाठवून माणसाकरवी होते. म्हणून संकटकाळी जे /२३ आणि /२४ जाहीर करावे लागतील, त्यांचे रूट ऑब्जेक्ट आजच तयार करावेत आणि प्रत्येक अपस्ट्रीमकडून “आपल्या सेशनवर /२४ पर्यंतचे तुकडे स्वीकारले जातील” असे लेखी घ्यावे.

१.४ बाहेरचा संपर्कमार्ग. मेल सर्व्हर, नेम सर्व्हर आणि व्हीपीएन हे तिन्ही त्याच पट्ट्यात असतील, तर घटनेच्या वेळी आपण पाठवलेल्या पत्राचे उत्तर आपल्यापर्यंत पोहोचणार नाही. दुसऱ्या सेवेवरील एक ईमेल खाते, मोबाईल इंटरनेट आणि छापील संपर्क-यादी तयार ठेवावी. नोंदणीसंस्थेच्या (आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलचा ओटीपी कोणत्या पत्त्यावर येतो, हेही एकदा तपासावे. तो आपल्याच डोमेनवर येत असेल तर नेमक्या वेळी आरओए बदलताच येणार नाही.

या पोर्टलच्या खात्याला दुहेरी पडताळणी अनिवार्य समजावी. ३ जानेवारी २०२४ रोजी ऑरेंज स्पेन या दूरसंचार कंपनीच्या राइप (युरोपातील नोंदणीसंस्था) खात्यात कोणीतरी शिरले आणि चुकीच्या उगमाचे आरओए तयार केले. त्यामुळे कंपनीच्या खऱ्या घोषणाच अवैध ठरल्या आणि जगभरातील नेटवर्कनी त्या प्रामाणिकपणे टाकून दिल्या.

१.५ पाळत. बीजीपीअलर्टरसारखे मुक्त साधन किंवा एखादी सशुल्क सेवा चालू ठेवावी आणि तिचे इशारे मोबाईलवर, म्हणजे आपल्या पट्ट्यावर अवलंबून नसलेल्या मार्गाने यावेत.

पडताळणी: वर्षातून एकदा, कमी रहदारीच्या वेळी, एक /२४ खरोखर जाहीर करून पाहावा आणि तो बाहेरच्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्या नेटवर्कला दिसणारे रूट दाखवणाऱ्या पानावर) किती मिनिटांत दिसतो ते नोंदवावे. कागदावर पूर्ण असलेली तयारी या सरावात बहुधा उघडी पडते.

## टप्पा २: बाहेरून पाहणे

स्वतःच्या राउटरवर परकी घोषणा बहुधा दिसत नाही, आणि याची कारणे दोन आहेत. स्वतःचा प्रीफिक्स आपण स्वतःच निर्माण करतो, त्यामुळे आपल्या टेबलात तोच रूट श्रेष्ठ ठरतो. शिवाय परक्याने मार्गात आपला एएस नंबर घुसवला असेल, तर लूप टाळण्याच्या नियमानुसार आपला राउटर तो रूट आल्याबरोबर टाकून देतो. म्हणजे ज्या जागेवरून आपण शोधत असतो, नेमकी तीच जागा आंधळी असते.

म्हणून मोबाईल इंटरनेटवरून राइपस्टॅट, बीजीपी टूल्स किंवा मोठ्या ट्रान्झिट (इतर नेटवर्कची रहदारी वाहून नेणाऱ्या) कंपन्यांचे लुकिंग ग्लास उघडावेत आणि दोन शोध घ्यावेत: एक नेमक्या प्रीफिक्सचा आणि दुसरा त्याच्या पोटातील सर्व लहान प्रीफिक्सचा. दुसरा शोध विसरला जातो. १९८.१८.०.०/२२ सर्वत्र नीट दिसतो म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा आणि प्रत्यक्षात १९८.१८.१.०/२४ परक्याकडे गेलेला असावा, असे सहज होऊ शकते.

लक्षणांवरूनही अंदाज येतो. कोणतीही लिंक न पडता आत येणारी रहदारी अचानक घटते, बाहेर जाणारी पाकिटे जातात पण उत्तरे येत नाहीत, आणि तक्रारी विशिष्ट देशांतून किंवा विशिष्ट ऑपरेटरच्या ग्राहकांकडूनच येतात.

इशारा: परका एएस दिसताच आरोप करू नये. आधी टप्पा १ मधील यादी पाहावी. आपल्याच विक्री विभागाने गेल्या आठवड्यात सुरू केलेली डीडॉस-संरक्षणाची सेवा, हेही त्या परक्या एएसचे स्पष्टीकरण असू शकते.

## टप्पा ३: प्रकार ठरवणे

पुढचा सगळा उपाय या एका उत्तरावर अवलंबून आहे, त्यामुळे इथे पाच मिनिटे द्यावीत.

पहिल्या प्रकारात तोच /२२ एएस ६४५१० च्या नावाने दिसतो. अशा वेळी जग दोघांत वाटले जाते. जो ज्याच्या जवळ, तो त्याच्याकडे जातो. दुसऱ्या प्रकारात परका आपल्यापेक्षा नेमका, म्हणजे /२३ किंवा /२४, जाहीर करतो. तो जिथे पोहोचेल तिथली त्या पट्ट्याची सगळी रहदारी त्याच्याकडे जाते. तिसऱ्या प्रकारात उगम आपलाच दिसतो, पण त्याच्या शेजारी असा एएस असतो ज्याच्याशी आपले सेशनच नाही. चौथ्या प्रकारात उगम आणि शेजारी दोन्ही खरे असतात. मात्र मार्ग मध्येच एखाद्या लहान ग्राहक-नेटवर्कमधून वळसा घेतो. ही रूटची गळती असते आणि तिथे आरओएचा काहीही उपयोग होत नाही.

हेतूचा अंदाजही याच वेळी घ्यावा. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून तीस हजारांहून अधिक परक्या प्रीफिक्सच्या घोषणा बाहेर पडल्या होत्या. अशा घटनेत आपण एकटे नसतो आणि समोरच्याला स्वतःची चूक कळण्याची शक्यता मोठी असते. याउलट फक्त आपला एकच /२४, तोही नेम सर्व्हर असलेला, उचलला गेला असेल तर ती चूक नाही असे धरून चालावे.

## टप्पा ४: पुरावा आणि सहा तासांचे घड्याळ

चुकीची घोषणा मागे घेतली गेली की लुकिंग ग्लासवर काही उरत नाही. म्हणून किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरील पूर्ण एएस मार्ग, प्रीफिक्स आणि वेळ मजकूर स्वरूपात जपून ठेवावेत. फक्त स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. प्रत्येक वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने परदेशी नॉकशी (नेटवर्कच्या नियंत्रण कक्षाशी) बोलताना होणारा गोंधळ यामुळे टळतो. राइपचे आरआयएस आणि ओरेगॉन विद्यापीठाचे रूटव्ह्यूज हे बीजीपी घोषणांचे संग्रह नंतरही उपलब्ध असतात, पण तातडीच्या पत्रव्यवहाराला आपल्या हातातील नोंदच कामी येते.

भारतातील संस्थांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत. त्यांच्या परिशिष्टातील सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात, आणि त्या यादीत राउटरसारख्या नेटवर्क-उपकरणांवरील हल्ल्यांचा समावेश आहे. घटना नुसती चूक आहे की हल्ला, हा निर्णय सहा तासांत होत नसेल तर कळवून मोकळे व्हावे. न कळवण्याचे समर्थन नंतर करणे अवघड जाते.

## टप्पा ५: संपर्क

इथून पुढे दोन माणसांनी समांतर काम करावे. एकाने फोन धरावा, दुसऱ्याने टप्पा ६ सुरू करावा. एकच माणूस दोन्ही करू लागला की दोन्ही कामे अर्धवट राहतात.

1. प्रथम आपल्या अपस्ट्रीमच्या नॉकला फोन करावा. त्यांच्याशी आपला करार आहे, त्यांच्याकडे मोठ्या नेटवर्कचे थेट क्रमांक असतात, आणि टप्पा ६ साठी फिल्टर त्यांनाच उघडायचा असतो.
2. त्यानंतर चुकीची घोषणा करणाऱ्या एएसच्या नॉकशी बोलावे. संपर्क पीअरिंगडीबीवर (नेटवर्कच्या माहितीकोशावर) आणि हूइजमध्ये (नोंदणीसंस्थेच्या सार्वजनिक नोंदीत) मिळतो. पीअरिंगडीबीवरील बरेच संपर्क लॉगिन केल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून तिथले खाते आधीच उघडलेले असावे.
3. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर नसेल तर वाट पाहू नये. मार्गात ६४५१० च्या डावीकडे जे एएस दिसतात, ते त्याचे अपस्ट्रीम असतात. त्यांना लिहावे.

या तिसऱ्या पायरीचे महत्त्व कमी लेखले जाते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमच्या एएस १७५५७ ने १८:४७ यूटीसीला यूट्यूबचा २०८.६५.१५३.०/२४ जाहीर केला. यूट्यूबने २०:०७ ला तोच /२४ आणि २०:१८ ला त्याचे दोन /२५ जाहीर केले. परंतु घटना मिटली ती २१:०१ ला, पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीमने एएस १७५५७ कडून आलेले रूट काढून टाकल्यावर.

पत्र इंग्रजीत, लहान आणि थंड डोक्याने लिहिलेले असावे. विषयातच प्रीफिक्स आणि दोन्ही एएस नंबर यावेत. मजकुरात घोषणा कधीपासून दिसते, तीन ठिकाणचे मार्ग, पट्टा आपला असल्याचा पुरावा म्हणून आरओए आणि नोंदणीचा उल्लेख, नेमकी मागणी (“ही घोषणा मागे घ्यावी आणि या सेशनवर फिल्टर लावावा”) आणि बाहेरचा फोन क्रमांक एवढेच असावे. पहिल्याच पत्रात वकिलाची भाषा आली की ते पत्र नॉककडून विधी विभागाकडे जाते आणि तिथे तीन दिवस पडून राहते.

इशारा: पत्र आपल्या बाधित मेल सर्व्हरवरून पाठवू नये. ते पोहोचेलही कदाचित, पण उत्तर परक्याच्या दारात जाईल.

## टप्पा ६: आपल्या बाजूने प्रतिघोषणा

क्रम असा: आरओए, रूट ऑब्जेक्ट, अपस्ट्रीमचा फिल्टर आणि सर्वात शेवटी राउटर. लोक नेमके उलट्या क्रमाने करतात.

समजा, परक्याने १९८.१८.१.०/२४ जाहीर केला आहे आणि आपला आरओए फक्त /२२ चा आहे. परक्याची घोषणा अवैध ठरते आणि जी नेटवर्क उगम-पडताळणी करतात ती तिला टाकून देऊन आपल्या /२२ वरच राहतात. तिथे काही करण्याची गरज नसते. जी नेटवर्क पडताळणी करत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याला /२४ हवा असतो. पण आरओए न बदलता आपण तो जाहीर केला, तर आपलीही घोषणा अवैध ठरते, आणि आपला अपस्ट्रीम पडताळणी करणारा असेल तर ती त्याच्याच दारात थांबते. म्हणून आधी त्या /२४ चा नेमका आरओए तयार करावा. तो जगभर पोहोचायला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. गडबडीत /२२ चा आरओए खोडून नवा करू नये, त्यात फक्त भर घालावी.

राउटरवर करताना आणखी एक खड्डा असतो. सिस्को आयओएसमध्ये (सिस्को राउटरच्या प्रणालीत) नेटवर्क विधानाने रूट जाहीर होण्यासाठी नेमका तोच रूट टेबलात असावा लागतो, म्हणून नल इंटरफेसकडे (जिथे आलेली रहदारी टाकून दिली जाते) जाणारा स्थिर रूट टाकला जातो. त्याचे डिस्टन्स (आकडा मोठा तितकी रूटला पसंती कमी) २५० सारखे मोठे ठेवावे, नाहीतर तो ओएसपीएफने (नेटवर्कच्या आतल्या रूटिंग प्रोटोकॉलने) शिकलेल्या खऱ्या /२४ ला बाजूला सारतो. आणि आपल्या घरात तो भाग /२३ च्या रूटने पोहोचत असेल, तर डिस्टन्स कितीही ठेवले तरी नेमका असलेला नल रूटच रहदारी गिळतो. अशा वेळी आधी आतला /२४ खऱ्या दिशेने टाकावा, मगच बाहेर घोषणा करावी. परक्याने पळवलेली रहदारी परत आणून स्वतःच्याच राउटरवर टाकून देण्यात अर्थ नाही.

किती बारीक तुकडे करावेत, हे प्रकारावरून ठरते. परक्याने /२२ च जाहीर केला असेल आणि ती चूक वाटत असेल, तर दोन /२३ पुरतात. हेतू संशयास्पद असेल तर थेट चार /२४ जाहीर करावेत. समोरचा /२४ वर उतरला तरी निदान बरोबरी राहते. आयपीव्ही ४ मध्ये /२४ पेक्षा आणि आयपीव्ही ६ मध्ये /४८ पेक्षा लहान तुकडे बहुतेक नेटवर्क स्वीकारत नाहीत, म्हणून /२५ वर भिस्त ठेवू नये.

आपल्याकडे मुळात एकच /२४ असेल तर अधिक नेमके होण्याची सोय नसते. तेव्हा मार्ग आखूड करणे एवढेच हाती राहते. मार्ग लांब दिसावा म्हणून जोडलेले सर्व प्रीपेंड काढावेत (बॅकअप लिंकवर तीन वेळा जोडलेला स्वतःचा एएस नंबर विसरला जातो आणि तोच परक्याला जिंकून देतो), जास्तीत जास्त अपस्ट्रीम आणि निक्सीसारख्या एक्स्चेंजवर (जिथे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडली जातात) घोषणा करावी, आणि टप्पा ५ वरच जोर द्यावा.

इशारा १: /२२ ची मूळ घोषणा कोणत्याही परिस्थितीत मागे घेऊ नये.

इशारा २: नवीन तुकड्यांवर नो-एक्सपोर्ट कम्युनिटी (रूट पुढे पाठवू नये अशी खूण) चुकून लागलेली नाही ना, हे पाहावे. जुन्या रूट-मॅपमधून (राउटरवरील घोषणांच्या नियमांतून) ती हमखास येते.

इशारा ३: समोरच्याला धडा शिकवण्यासाठी त्याचा प्रीफिक्स जाहीर करू नये. त्या क्षणी आपणच अपराधी ठरतो.

पडताळणी: घोषणेनंतर पाच, पंधरा आणि तीस मिनिटांनी टप्पा २ मधील त्याच ठिकाणी पुन्हा पाहावे. कुठेच दिसत नसेल तर फिल्टर अडवतो आहे. काही ठिकाणीच दिसत असेल तर ज्या अपस्ट्रीमकडून ती दिसत नाही, त्याला फोन करावा. सर्वत्र दिसूनही निम्मे जग परक्याकडेच जात असेल, तर दोघांचीही लांबी सारखी आहे. अपस्ट्रीमकडून फिल्टर लागेपर्यंत ही स्थिती तशीच राहील.

## टप्पा ७: तुकडे मागे घेणे

परकी घोषणा नाहीशी झाल्यावर लगेच आवरू नये. काही राउटरवर मागे घेतलेला रूट अडकून राहतो, आणि चुकीचे मूळ कॉन्फिगरेशन समोरच्याने दुरुस्त केले नसेल तर सेशन पुन्हा सुरू होताच घोषणा परत येते. समोरच्याकडून “कारण सापडले, फिल्टर लावला” असे लेखी मिळावे, त्यानंतर किमान एक दिवस वाट पाहावी, आणि मग एकेक तुकडा काढत रहदारी पाहावी. इथे क्रम टप्पा ६ च्या उलटा असतो: आधी राउटरवरील घोषणा काढावी, आरओए शेवटी. आरओए आधी काढला तर चालू असलेली आपलीच घोषणा अवैध होते.

## टप्पा ८: रहदारी पळवली गेली त्या वेळेत काय घडले

मार्ग परत आला की घटना संपली असे समजण्याची चूक सर्वात महागात पडते. त्या काळात रहदारी ज्याच्या हातात होती, तो आपल्या डोमेनसाठी खरे टीएलएस प्रमाणपत्र (संकेतस्थळ अस्सल असल्याची ब्राउझरला खात्री देणारे) मिळवू शकतो, कारण डोमेनची पडताळणी त्याच पत्त्यांवर होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सेलर ब्रिज या क्रिप्टो सेवेवरील हल्ल्यात असेच झाले: ॲमेझॉनच्या पत्त्यांतील एक /२४ जाहीर झाला, मार्गाच्या शेवटी ॲमेझॉनचाच एएस १६५०९ खोटा जोडलेला होता, आणि हल्लेखोराने वैध प्रमाणपत्र मिळवले.

म्हणून प्रमाणपत्रांच्या पारदर्शकता-नोंदींत (दिलेल्या प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक यादीत), घटनेच्या वेळेपासून पुढे, आपल्या सर्व डोमेनची प्रमाणपत्रे शोधावीत. आपण न मागितलेले एखादे आढळले तर ते देणाऱ्या संस्थेकडून तत्काळ रद्द करून घ्यावे. नेम सर्व्हर बाधित पट्ट्यात असतील तर हा शोध त्या सर्व्हरवरील प्रत्येक ग्राहकाच्या डोमेनसाठी करावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळता येत नाही. एनक्रिप्शन नसलेल्या मार्गाने त्या वेळेत गेलेले पासवर्ड बदलावेत. आयआरआरमध्ये आपल्या पट्ट्यासाठी परक्या उगमाचे रूट ऑब्जेक्ट किंवा परक्या एएस-सेटमध्ये (एएस नंबरांच्या गटात) आपला एएस नंबर घातलेला आढळल्यास तो काढून घ्यावा, कारण तीच नोंद पुढच्या वेळी एखाद्या अपस्ट्रीमचा फिल्टर उघडून देते.

यानंतर सर्व लॉग जतन करावेत. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवावेच लागतात. या घटनेचे मात्र वेगळे काढून ठेवावेत. मग टप्पा १ मधील पान पुन्हा हातात घेऊन, ज्या क्रमांकावर फोन लागला नाही तो क्रमांक त्याच दिवशी दुरुस्त करावा.